गुळाची चोच

"पोर म्हातारीच्या मांडीवर बिनघोर ठेव, पण दाराला वरच्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घे," असं शेजारच्या मेहरुनबीनं रेश्माला श्रावणातच सांगितलं होतं. रेश्मानं ते हसण्यावारी नेलं. मेहरुनबीच्या यजमानांचं, इमामचाचांचं, सांगलीच्या पेठेत कड्याकोयंड्यांचं दुकान होतं, त्यामुळं तिला तो सल्ला कमी आणि जाहिरात जास्त वाटली. शिवाय म्हातारी म्हणजे कोण, तर मनुबाई, नवऱ्याची आजी. वीरधवलचे वडील फौजेतून परत आले ते फोटो होऊनच. तेव्हापासून नातवाला जिनं एकटीनं वाढवला आणि ऊसतोडीच्या टोळ्यांना जिनं नुसत्या खाकरण्यावर सरळ केलं, ती बाई चौदा महिन्यांचं पोर सांभाळणार नाही तर कोण सांभाळणार?

भाद्रपदातल्या एका मंगळवारी रेश्मा पॉलिटेक्निकातला तास घेऊन घरी आली तर दार सताड उघडं आणि आत कुणी नाही. त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत तिनं कायकाय केलं ते तिला स्वतःलाही नीट आठवत नव्हतं. शेवटी मेहरुनबीच्या मुलानं, अजीमनं, म्हातारी आणि पोर दोघांना आपल्या रिक्षातून आणून सोडलं. मनुबाई बसस्टँडवर कंडक्टरशी हुज्जत घालत उभ्या होत्या. त्यांना चांदवरीच्या राजवाड्याचं तिकीट पाहिजे होतं आणि कंडक्टर म्हणत होता की आजी, ही गाडी मिरजेची हाय. ऋषिराज त्यांच्या कडेवर बिस्किट चोखत होता. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि कमरेखाली काही नाही. म्हातारीच्या दुसऱ्या हातात चार घड्या घातलेलं एक फडकं होतं.

'सांगितलं नव्हतं का' असं मेहरुनबी म्हणाली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी एक पितळी कडी आणि चार स्क्रू तेवढे पाठवून दिले. ते कपाटाच्या खणात तसेच पडून राहिले. कडी बसवायची तर वीरधवल विचारणार, कशाला. वीरधवलच्या पोटात काही राहत नाही, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत कोरेगावला त्याच्या चुलत्यांना कळणार. आणि लालासाहेबांना, म्हणजे आबांना, नेमकं तेच पाहिजे होतं.

सुभेदार लालासाहेब फौजेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांना अजून कुणी तसं सांगितलेलं दिसत नव्हतं. त्यांनी कोरेगावच्या बंगल्यावर आईसाठी खास खोली चढवली होती, संडास-बाथरूमसकट. फक्त ती गच्चीवर होती, बावीस पायऱ्या चढून. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला बावीस पायऱ्या वर ठेवणं याला घरात 'आईची सोय' असं नाव होतं. दसऱ्यानंतर आईला कायमची तिकडं न्यायची, असं आबांनी फोनवरच जाहीर करून टाकलं होतं. रेश्मानं ती खोली पाहिली होती. तिला खिडकी होती, पण खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसायची.

म्हणून ती गप्प राहिली. तिनं सकाळचे तास एका मैत्रिणीला दिले, स्वयंपाकघरात उभी असताना मान सतत मागं वळवून ठेवली आणि गेले पाच आठवडे एकदाही सलग झोप घेतली नाही. सांगावं तर म्हातारी टाकीसमोर जाऊन बसते. न सांगावं तर पोर मिरजेला जातं.

मनुबाईंचा मात्र एकच धोशा चालू होता. दसरा आला, मोरं पुसायची हायत.

वीरधवलनंच तोडगा काढला. चांदवरी सांगली आणि कोरेगावच्या मध्येच कुठंतरी पडते, सगळ्यांनी तिथंच भेटू, आजीला तिचा राजवाडा दाखवू आणि काय ते बोलून घेऊ. आबा लगेच तयार झाले, कारण चांदवरी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. आजोळच्या घराण्याला राजवाड्यात मान होता असं ते लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ऐकलं त्यात त्यांनी दरवर्षी स्वतःची थोडी भर घातली होती. लेकीच्या, अपेक्षाच्या, साखरपुड्याच्या पत्रिकेवर 'चांदवरी संस्थानचे मानकरी' अशी ओळ सोनेरी अक्षरांत छापून घेतली होती. कशाचे मानकरी, हे मुलाकडच्यांनी विचारलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीत असं विचारत नाहीत.

राजवाड्याच्या दारात दोन्ही गाड्या एकाच वेळी पोचल्या. चौकटीवर गणेशपट्टी होती, तिच्या वर कमळात बसलेली गजलक्ष्मी आणि तिला दोन्हीकडून अंघोळ घालणारे हत्ती. डाव्या हत्तीची सोंड कुणीतरी सिमेंटनं दुरुस्त केली होती आणि तो आता लक्ष्मीच्या अंगावर शिंकत असल्यासारखा दिसत होता. कमानीच्या मधोमध कीर्तिमुख, डोळे वटारलेलं आणि जबडा फाकवलेलं. त्याच्याखाली पाटी होती, 'कोरीवकामास हात लावू नये'. राजवाडा ट्रस्टकडं गेल्यापासून अशा पाट्या इतक्या झाल्या होत्या, की त्या ठोकायला कोरीवकामातच खिळे मारलेले होते.

आबांनी छाती पुढं काढून पहारेकऱ्याला सांगितलं की आम्ही इथले जुने मानकरी. पहारेकरी तात्याबा, साठीचा, खाकी शर्टावर गुलाबी मफलर गुंडाळलेला. त्यानं विचारलं, कसला मान?

उत्तर मनुबाईंनी दिलं. "मान कसला आलाय बाबा. कापडाचा बोळा आन् जवसाचं त्याल. मोरं पुसायला हुते मी हितं."

राहीकाकींनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, पदर तोंडाला लावला. अपेक्षानं मोबाईल खाली घेतला, कारण तिनं नुकतंच 'आमच्या पूर्वजांच्या राजवाड्यात' असं रेकॉर्ड केलं होतं. आबा म्हणाले की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, वय झालं. त्यावर तात्याबा म्हणाला की न्हाई साहेब, खरं हाय, जवसाच्या तेलानंच पुसत हुते. आता ट्रस्टनं वार्निश मारलंय, समदी मोरं घामेजल्यावानी दिसत्यात.

आत चौक होता. चारी बाजूंना सुरूच्या झाडासारखे कातलेले खांब, खांबाखांबांत महिरपी, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावरून पुढं झेपावलेला, छताला खांदा दिलेला लाकडी मोर. वर छताच्या लाकडी तक्तपोशीवर कोरलेले दशावतार. मनुबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि मान वर करून हळूहळू गोल फिरल्या. रेश्मा त्यांच्या मागं हातभर अंतरावर, ऋषिराज तिच्या कडेवर. ती कडेवरच्याला धरून होती आणि पुढचीकडं बघत होती. तिला आताशा असंच उभं राहायची सवय झाली होती.

आबांनी चौकातच बैठक भरवली. त्यांच्या मते वेळ कमी होता आणि मुद्दा एकच होता. त्यांनी वीरधवलला पुढं केलं आणि आईला विचारलं की हा कोण.

मनुबाईंनी वीरधवलकडं पाहिलं. त्याचा शर्ट पाहिला, मिशी पाहिली. "जयसिंग न्हवं का," त्या म्हणाल्या. "कवा आलास रं रजंवर?"

जयसिंग म्हणजे वीरधवलचे वडील. तीस वर्षांपूर्वी फोटो होऊन आलेले. वीरधवल कसनुसं हसला आणि मोराकडं बघत राहिला.

आबांना जे सिद्ध करायचं होतं ते झालं होतं, पण त्यांचा चेहरा पडलाच, कारण जयसिंग त्यांचाही धाकटा भाऊ होता. ते खाकरून म्हणाले की ही पोझिशन आहे. तान्ह्या पोराच्या घरात ही जोखीम ठेवता येत नाही. रेश्मा शिकलेली मुलगी आहे, तिनंच सांगावं.

सगळ्यांनी रेश्माकडं पाहिलं. तिच्या जिभेवर मिरजेची गाडी आली होती. तेवढ्यात राहीकाकी मध्ये पडल्या. आत्याबाई सांगलीतच बऱ्या, त्यांना नातवाचा लळा हाय, कोरेगावच्या थंडीत त्यांचे गुडघे धरत्यात, असं त्या एका दमात बोलल्या. बावीस पायऱ्यांवरून जेवणाचं ताट दोन वेळा कोण नेणार होतं हे काकींना पक्कं ठाऊक होतं. रेश्माला आधार वाटायला पाहिजे होता, पण वाटली ती शरम. काकी तिच्या बाजूनं खोटं बोलत होत्या आणि ती गप्प राहून काकींच्या.

"ह्यो मामलेदार," मनुबाई मध्येच म्हणाल्या.

त्या दारावरच्या आतल्या कीर्तिमुखाकडं बोट दाखवत होत्या. मग त्यांचं बोट सरकत गेलं. पोट सुटलेला गण, तो फौजदार. मान वाकडी करून बघणारी अप्सरा, ती पाटलीण, कारण पाटलिणीला असंच दुसऱ्याच्या परसात बघायची खोड. मत्स्यावताराला त्या पोरी 'बाजारचा मंगळवार' म्हणायच्या. पुसणाऱ्या पोरी नऊ होत्या आणि प्रत्येकीला दोन मोर ठरलेले. सतरा मोर म्हणजे एकीला एकच यायचा, आणि कुणाला, यावरून दरवर्षी झिंज्या धरल्या जायच्या. नातवाचं नाव विसरलेल्या बाईनं नऊ पोरींची नावं घडाघडा सांगितली, कोणती दमेकरी, कोणती चोरटी, कोणती पावसात रडायची, सगळ्यासकट. अपेक्षानं मोबाईल परत वर घेतला होता आणि या वेळी ती स्वतः काही बोलत नव्हती.

"आन् ह्यो माजा," मनुबाई म्हणाल्या.

उत्तरेच्या ओसरीचा तो कोपऱ्यातला मोर होता, इतरांपेक्षा खाली. ओट्यावर उभं राहिलं की हात पोचायचा. कुणी काही म्हणायच्या आत त्या ओट्यावर चढल्या, कमरेचं फडकं काढलं, तेच, चार घड्यांचं, आणि मोराच्या डोक्यावरून फिरवलं. तुऱ्यावरून, डोळ्यावरून, चोचीवरून. चोच त्यांच्या हातात आली.

मोर तसाच झेपावलेला, फक्त चोचीच्या जागी एक काळं भोक, आणि चेहऱ्यावर दात काढून ठेवलेल्या माणसासारखा भाव.

पहिली हालचाल सुभेदारांनी केली. तात्याबा दाराकडं गेलेला आहे हे पाहून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आवाज उतरवून हुकूम सोडले. चोच रुमालात घ्यायची, अपेक्षानं रेकॉर्डिंग पुसायचं, वीरधवलनं गाडी चालू करायची, बायकांनी दोघी-दोघींनी, घाई न करता बाहेर पडायचं. ज्या माणसानं पत्रिकेवर राजवाडा छापला होता, तो आता राजवाडा सोडून पळायचा नकाशा आखत होता.

वीरधवल म्हणाला की आबा, कॅमेरे असतील. काकी म्हणाल्या की आवं, तुमाला लाज न्हाई का वाटत. अपेक्षा म्हणाली की रेकॉर्डिंग लाईव्ह होतं. या तिन्हींवर आबा एकदमच तापले. रेश्मानं वाद ऐकायला मान वळवली आणि हातावरचं ओझं कधी उतरलं ते तिला कळलंच नाही. ऋषिराज ओट्यावरून रांगत मनुबाईंच्या मांडीत गेला होता. त्या मट्कन खाली बसल्या होत्या, चोच ओच्यात.

मग रेश्मानं पाहिलं की ओच्यात चोच नाही.

ऋषिराजचा उजवा गाल फुगला होता. ती तीन पावलांवर होती. पाच आठवडे ती ज्या घडीची वाट बघत जागी होती ती आली आणि तिचं अंग दगड झालं. मनुबाईंनी खाली न बघताच पोराची हनुवटी अंगठ्यानं दाबली, करंगळी गालातून आत घातली आणि चोच बाहेर काढली. वाटाण्याचं टरफल काढावं इतक्या सहज. लाळ फडक्याला पुसली. पोरगं रडलंसुद्धा नाही, त्यानं परत हात पुढं केला.

"त्या वक्ताला बी असंच झालं," मनुबाई चोचीकडं बघत म्हणाल्या. आबांचं बोलणं त्यांच्या कानावर होतं म्हणायचं. "हातात आली. मी अकरा वर्साची. मारत्यात म्हणून गुळानं चिकटवली."

"गुळानं?" वीरधवलनं विचारलं.

गुळानंच. घरात दुसरं चिकट काही नव्हतं. संस्थानं जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण राणीसाहेब इथंच राहत होत्या आणि दसऱ्याला चौकातून फिरून मोर बघायच्या. मनूनं ओल्या गुळाचा खडा भोकात भरला, चोच खोचली आणि दोन दिवस देवाला हात जोडले. तिसऱ्या दिवशी खांबावरून मुंग्यांची रांग वर चढली. राणीसाहेब आल्या तेव्हा त्या मोराच्या खाली मनू नव्हती, हौसा उभी होती. तिचं तिचं पुसून झालं होतं आणि मनूला ताप आलाय म्हणून ती मनूचा मोर पुसत होती. तापही खोटाच होता. कारभाऱ्यानं मुंग्या बघितल्या, गूळ बघितला, आणि हौसाला गूळ आवडतो हे सगळ्या राजवाड्याला ठाऊक. तिला तिथल्या तिथं काढली. मागून तिच्या आईलाही भांड्यांच्या कामावरून काढली. पुढं हौसाला मेढ्याकडं, जावळीत दिली, एवढंच मनूच्या कानावर आलं.

"मी गप बसले," मनुबाई म्हणाल्या. "हौसानं माज्याकडं बघितलं. तिला ठावं हुतं. ती बी गपच बसली."

आबांच्या हातात रुमाल तसाच होता.

आणि रेश्माला कळायच्या आत तिचं तोंड उघडलं होतं. "आबा, भाद्रपदात आजी ऋषीला घेऊन बसस्टँडवर गेल्या होत्या," ती म्हणाली. "मी घरात नव्हते. मला मेहरुनबींनी आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. नंतर मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा."

वीरधवलचा चेहरा तिला बघवला नाही. पुढं होऊन त्यानं आजीच्या मांडीतलं पोर उचललं आणि छातीशी धरून तो दूर खांबाशी जाऊन उभा राहिला. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

आबांनी घसा साफ केला. आता गच्चीवरची खोली येणार, हे तिला दिसत होतं. पण आधी काकी आल्या.

"आन् दिवाळीचं कोण सांगनार?" काकी नवऱ्याला म्हणाल्या. "आत्याबाई पहाटंचं उटून रेल्वे फाटकापतूर गेल्या हुत्या, ते? शेजारच्या पोरानं आनलं. तुमी म्हनालात, कुटं बोलू नगंस, लोक म्हनत्याल सुभेदाराला आई सांबाळता आली न्हाई. ती खोली तवाच बांधायला काढली. बाहीरून कडीवाली."

बाहेरून कडी. रेश्मानं खोली पाहिली होती, पण कडी पाहिली नव्हती. आबा रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. वयाच्या पासष्टाव्या वर्षी माणूस आईसमोर उभा होता आणि आई त्यांच्याकडं न बघता एका लाकडी चोचीवरची लाळ पुसत होती.

तेवढ्यात तात्याबा परत आला. त्याच्यापासून लपवायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. मनुबाईंनीच हात पुढं केला. "म्या मोडली," त्या म्हणाल्या. "हौसानं न्हाई. लिवून घ्या."

तात्याबानं चोच घेतली, उजेडात धरली. मग त्यानं ओट्यावर चढून ती भोकात बसवली, अर्धी फिरवली आणि सोडली. चोच जागच्या जागी राहिली.

"मोडली कुटं आजी," तो म्हणाला. "ही खुंटीवर बसवलेली हाय. सतराच्या सतरा मोरांची चोच येगळी. सुताराला ठावं हुतं, पुसताना चोचच मोडनार. म्हनून त्यानं आधीच येगळी केली, फिरवून बसवायची. आतल्या पेटीत डझनभर जादा चोची हायत. माजा आजा सांगायचा. ट्रस्टच्या लोकास्नी म्या न्हाई सांगितलं, न्हाईतर खिळं मारत्याल."

मनुबाईंनी वर मोराकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, जणू मोरानं काही सांगितलं होतं आणि ते त्यांना पटलं नव्हतं.

"मग हौसानं काय केलं हुतं?" त्यांनी विचारलं.

ज्यांच्याकडं आयुष्यभर सगळ्याला उत्तर होतं ते आबा आईशेजारी ओट्यावर बसले आणि त्यांनी तिचं फडकं हातात घेतलं. मग ते उठून दुसऱ्या मोराचं डोकं पुसू लागले. तात्याबा पाटीकडं बघून मुद्दाम खोकला आणि दाराकडं तोंड करून उभा राहिला.

त्या दिवशी जे ठरलं ते फारसं कुणी ठरवलं नाही. जेवणाच्या डब्यांवर काकी म्हणाल्या की मीच सांगलीला येऊन ऱ्हाते, होळीपतूर, तुमचं तुमी शिजवून खावा. लग्न झाल्यापासून माहेर सोडून त्यांनी कुठं मुक्काम केला नव्हता आणि त्यांचा चेहरा सुट्टी लागल्यासारखा झाला. आबांनी विरोध केला नाही, फक्त कुकरला किती शिट्ट्या ते विचारलं. वीरधवल परतीच्या वाटेवर रेश्माशी तासगाव येईपर्यंत बोलला नाही. मग त्यानं विचारलं की कडी कुठं आहे. घरी गेल्यावर बूट न काढता त्यानं ती दाराला वर बसवली, चारही स्क्रू. मेहरुनबी आपल्या दारातून बघत होती. ती म्हणाली की वाकडी बसली, अजीमला पाठवते.

मनुबाई आता शांत आहेत. मोरं पुसायचं नाव काढत नाहीत. पण सकाळी ऋषिराजच्या तोंडातून काही ना काही काढताना त्या रेश्माला रोज एकच विचारतात, हौसाला सांगितलंस का. रेश्मा रोज सांगते की सांगते आजी. आणि यापुढं तिला कुणाला खोटं सांगायचं नाही.

म्हणून तिचं एवढं एक काम आहे, वाचणाऱ्यानं करावं असं. तुमच्यापैकी कुणी मेढ्याकडं जाणार असेल, जावळीतल्या कुठल्या वाडीवर पाहुणे असतील, तर विचारून बघा. हौसा, माहेर चांदवरी, आईचं नाव ठकूबाई, सासरचं नाव मनुबाईंना माहीत नाही. वय ब्याऐंशीच्या आसपास. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण, डाव्या हाताची करंगळी वाकडी, बोलायच्या आधी हसते. असली तर तिच्याजवळ जरा बसा, जेवते का, कोण बघतं, खोलीला कडी आतून आहे की बाहेरून, तेवढं पाहून या. आणि तिला सांगा की चोच मोडली नव्हतीच. जाताना गूळ न्या.